एप्रिलचा कायदा

६ ऑगस्ट १९८१, गुरुवार

आज सकाळी रेडिओवर सांगितलं, इज्जतीचं कलम गेलं. काल रोममध्ये संसदेत मतदान झालं. यापुढे बायको, मुलगी किंवा बहीण कुणाबरोबर सापडली म्हणून रागाच्या भरात तिला मारली, तर तीन ते सात वर्षांत सुटका नाही. खून तो खूनच. बातम्या देणारी बाई इतक्या साध्या आवाजात बोलत होती की ती हवामानावर आली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

आम्ही तिघं भट्टीपाशी होतो. आईचे हात कणकेत थांबले.

"म्हणजे आता गास्पारेला किती?"

"काही फरक नाही," बाबा म्हणाले. "त्याचं एप्रिलमधलं आहे. एप्रिलचाच कायदा लागणार." आणि लांब दांड्याच्या फावड्याने पाव बाहेर ओढत राहिले.

रेडिओवर हे कुणी सांगितलं नव्हतं. पण बाबा गेल्या हिवाळ्यापासून पेपर फार बारकाईने वाचतात, त्यात आलं असेल. त्यांचं ऐकून मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि दिवसभर ती गेली नाही.

लिहायची मला सवय नाही. व्हेनेरा होती तेव्हा लागतही नव्हती. सगळं तिला सांगायचे. ती माझी धाकटी बहीण. सव्वीस वर्षांची, खाली समुद्राकाठच्या शहरात नर्स होती. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, तिच्या भाड्याच्या घराच्या जिन्यावर, आमच्या गास्पारेने तिला गोळ्या घातल्या. गास्पारे आमच्यात शेवटचा, बावीस वर्षांचा. बंदूक बाबांची, सशाच्या शिकारीची.

चार महिने झाले, घरात तिचं नाव कुणी घेत नाही. म्हणून इथे लिहिलं. व्हेनेरा.

१० ऑगस्ट

वकील लोमोनाको आले होते. गुबगुबीत, सारखा रुमालाने मान पुसणारा माणूस. आईने त्यांच्यापुढे बदामाचं सरबत ठेवलं आणि उभीच राहिली.

"बसा हो बाई, तुम्ही का घाबरता? कायदा मागे जाऊन कुणाची शिक्षा वाढवत नाही. ज्या दिवशी हातून घडलं त्या दिवशीचा कायदा एक, आणि आजचा एक. दोघांत जो सौम्य, तो आरोपीला. हे सगळ्या खटल्यांना लागू, जे कोर्टात पडून आहेत त्या सगळ्यांना."

"म्हणजे तीन वर्षं?" आईने विचारलं.

"जमलं तर तीन. थोडी जास्त. पण त्यासाठी एक गोष्ट दाखवावी लागेल. त्या कलमात 'कळलं त्या क्षणी' असं आहे. पोराला त्याच दिवशी कळलं पाहिजे. आधी माहीत असेल, विचार करून गेला असेल, तर ते कलम जुन्या कायद्यातही मिळत नाही. मग साधा खून, आणि साधा खून म्हणजे जन्म गेला."

"त्याच दिवशी कळलं," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "सगळ्या गावाला हिवाळ्यापासून माहीत होतं."

खोटं नव्हतं ते. व्हेनेराचं एत्तोरेवर मन बसलं होतं. तो बसचा ड्रायव्हर. रोज दुपारी त्याची बस आमच्या चौकात उभी राहायची. त्याची बायको त्याला सोडून उत्तरेकडे गेलेली, घटस्फोटाचे कागद व्हायचे होते. मग लग्न करणार होते दोघं.

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. "गावाला माहीत असेल. भावाला शेवटी कळतं. नेहमी असंच असतं. काय?"

मी सरबताचा रिकामा पेला उचलून आत नेला.

२१ ऑगस्ट

दुकान जोरात चालतंय. लोक खालच्या गल्लीतल्या बेकरीत जायचे तेही आता आमच्याकडे येतात. म्हातारे बाबांना टोपी काढून नमस्कार करतात. पूर्वी करत नव्हते.

आज न्हावी आणि दोघं-तिघं दारात उभे होते. न्हावी म्हणाला, "गेलं रे बाबांनो कलम. आता बायको पळाली तर तिची ट्रंक बसपर्यंत आपणच उचलायची."

"तुझी कशाला पळतेय? तिला चालवत नाही धड."

"डॉन तानोंचं बरं झालं. वेळेत उरकलं."

हसले सगळे. मग मी पडद्याआडून बाहेर आले तशी त्यांनी हवा-पाण्याच्या गप्पा सुरू केल्या. डॉन तानो म्हणजे आमचे बाबा. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. न्हाव्याचा पाव कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला, एवढंच. फार सोसलंय त्यांनी. मला त्यांची दया आली.

१४ सप्टेंबर

जेलात गेले होते. नेहमीप्रमाणे एकटीच. आई गुडघ्यांचं कारण सांगते. बाबा म्हणतात त्यांना ती जागा बघवत नाही.

गास्पारेचं तोंड एवढंसं झालंय. मी त्याच्यासाठी बडीशेप घातलेले सॉसेज आणि पाव नेला होता. पाव त्याने नाकाला लावला, खाल्ला नाही.

"तिचं नाव घेतं का कुणी घरी?"

"नाही."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबांना सांग, मी काही बोललो नाहीये."

"काय बोलायचंय तुला?"

"तू नुसतं सांग, लिबो."

घरी येऊन सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच विचारलं, पोरगा कसा आहे.

२७ सप्टेंबर

रविवार. काही लिहिण्यासारखं नाही, पण झोपून राहण्यापेक्षा हे बरं.

घरातला शेवटचा आनंदाचा दिवस कुठला, ते आठवत बसले. मार्चमधला संत जोसेफचा सण. भट्टीतून सगळ्या गावासाठी नक्षीचे पाव काढायचे. कुणाला मोर, कुणाला संताची काठी. हात दुखून येतात, पण मला ते काम आवडतं. संध्याकाळी टेबलावर वालासारख्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांची दाट आमटी, संत्र्याच्या फोडी, नवी वाइन. व्हेनेराला बोलावलं नव्हतं. नोव्हेंबरात ती घरी येऊन एत्तोरेचं सांगून गेली, तेव्हापासून बाबांनी तिला दार बंद केलं होतं.

मिमीकाका आले होते. बाबांचे चुलतभाऊ, नगरपालिकेत कारकून आणि पक्षाचं काम करणारे. रोमपर्यंत त्यांची ओळख. ते सांगत होते की इज्जतीचं कलम आता रद्द होणार, सगळे पक्ष तयार आहेत, उन्हाळ्यापर्यंत जाईल. बाबांनी त्यांचा पेला भरला आणि विचारलं, "नक्की उन्हाळ्यापर्यंत?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. बाबा कुणाशी इतकं बोलतायत हे बघून मला समाधान वाटलं होतं. गास्पारे जेवत नव्हता. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला होता, किती तरी वेळ. लहानपणानंतर असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

आज आठवलं म्हणून लिहिलं.

३ डिसेंबर

आज खाली शहरात गेले. हॉस्पिटलच्या सिस्टरनी निरोप पाठवला होता, व्हेनेराच्या कपाटातल्या वस्तू घेऊन जा. बाबांना सांगितलं, खमिराचं विचारायला जातेय.

वस्तू घेऊन बाहेर आले तर एत्तोरे फाटकापाशी उभा होता. बस सोडून त्याने दुसरं काम धरलंय, बंदरावर ट्रक चालवतो. त्याच्याशी मी याआधी कधी बोलले नव्हते. समोर आला की नजर वळवायची, एवढंच. तो मला तिच्या कबरीकडे घेऊन गेला. बाबांनी गावच्या दफनभूमीत जागा दिली नाही, म्हणून सिस्टरनी तिला इथे पुरलं. दगड त्याने बसवलाय. फोटोत ती नर्सच्या टोपीत आहे, हसतेय, डोळे जरा मिटलेले. इतका साधा फोटो का निवडला विचारलं, तर म्हणाला, "बाकीच्यांत ती पोझ घेऊन उभी आहे. ती अशी होती."

मग आम्ही बाकावर बसलो.

"गास्पारे कसा आहे?" त्याने विचारलं.

मला वाटलं टोमणा मारतोय. तसं नव्हतं.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"तो यायचा ना आमच्याकडे. रविवारी. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, एखादा रविवार चुकला असेल. जेवायचा, माझ्याशी पत्ते खेळायचा, हरला की चिडायचा. मी त्याच्याकडून बसच्या लायसनचा अभ्यास करून घेत होतो. तुमच्या भट्टीत त्याला राहायचं नव्हतं. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

नाही सांगितलं. रविवारी तो फुटबॉलला जातो, असंच आम्हाला माहीत होतं.

"मार्चमध्ये यायचा बंद झाला," एत्तोरे म्हणाला. "व्हेनेरा त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची. म्हणायची, रुसलाय कशावर तरी, येईल."

मी विचारलं, कोर्टात हे सांगणार का. तो म्हणाला, सांगणार, पण माझं कोण धरेल? त्यांचं म्हणणं ज्याच्यामुळे घराण्याची अब्रू गेली तोच मी.

येताना बसमध्ये मी ते रविवार मोजत होते. त्याच दिवशी कळलं, असं बाबा म्हणाले होते. बाबांना माहीत नसेल. गास्पारेने त्यांच्यापासूनही लपवलं असेल. तसंच असेल.

१७ जानेवारी १९८२

खटला पुढच्या महिन्यात. आज जेवायला वकील होते, मिमीकाका होते. मला काय बोलायचं ते शिकवत होते.

"एकच वाक्य, बाईसाहेब. एक वाक्य म्हणायचं आणि खाली उतरायचं. त्या शनिवारी सकाळी दुकानात कुणीतरी तुमच्या भावाला टोचून बोललं, आणि तो पांढराफटक पडून निघून गेला. त्याआधी त्याला काहीच माहीत नव्हतं."

"कोण बोललं?"

"गिऱ्हाईक. अनोळखी. रस्त्यावरचा माणूस."

"त्या शनिवारी गास्पारे दुकानात नव्हताच. बाबांनी त्याला पहाटे व्हॅन घेऊन खाली पाठवलं होतं."

"कशाला?" वकिलांनी बाबांकडे बघितलं.

"पिठाच्या पोत्यांना," बाबा म्हणाले.

पोती मंगळवारी येतात.

वकील हसले, वाइनचा घोट घेतला. "असो. नशीब तुमचं की एप्रिलमध्ये झालं. चार महिने उशीर झाला असता, तर मी इथे बसून सॉसेज खात नसतो, तुम्हाला मेणबत्त्या लावायला सांगून निघालो असतो."

"मी सांगितलंच होतं ना," मिमीकाका म्हणाले. तोंडात घास होता. "संत जोसेफच्या दिवशीच सांगितलं होतं तानोला, उन्हाळ्यापर्यंत जातंय म्हणून."

मिमीकाका चावायचे थांबले. आईने उठून ताटं गोळा करायला घेतली, अजून जेवणं व्हायची होती तरी.

मी बाबांकडे बघत होते. ते पावाचा मऊ भाग बोटांनी गोळी करून दाबत होते.

१८ जानेवारी

त्या दिवशी बाबांनी गास्पारेच्या मानेवर हात ठेवला होता.

मला वाटलं होतं मायेने.

२० जानेवारी

आईला विचारलं. ती मसूर निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

तिने ताटलीतून डोळे वर केले नाहीत. "मला एवढंच माहीत आहे की माझं एक लेकरू मातीत आहे आणि एक जेलात. मातीतलं परत येत नाही. जेलातलं येऊ शकतं."

"आणि बाबा?"

"तुझ्या बापाचं काय?"

"त्यांनी कायदा बदलायच्या आत उरकायला सांगितलं, आई. स्वतः गेले नाहीत. त्याला पाठवलं."

"खडा आला बाई मसुरात," ती म्हणाली, आणि खडा काढून फरशीवर टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, "तू एक वाक्य म्हण, लिबोरिया. तुला फार काही मागत नाहीये मी. तीन वर्षांनी तो या दारातून आत येईल. मी तेवढी जगेन."

तिने पुन्हा मसुरात बोटं घातली. या बाईला मी नाही कसं म्हणू?

२ फेब्रुवारी

दोन्हीकडून विचार करून झाला. खोटं बोलले तर गास्पारे सुटतो, आणि कोर्टाच्या कागदावर कायमचं लिहिलं जातं की व्हेनेरा सापडली. जशी काही ती चोर होती. खरं बोलले तर त्याचं तारुण्य जातं. तोही माझाच आहे. त्याला मी कडेवर वागवलाय, आई भट्टीपाशी असायची तेव्हा.

फादरकडे गेले. ते म्हणाले, कायदा तुला गप्प राहायची मुभा देतो, आरोपीची सख्खी बहीण म्हणून. गप्प राहणं खोटं नाही, पोरी. मला ते पटलं. गप्प राहायचं. घरी येऊन आईला सांगितलं, तिने माझं कपाळ चुंबलं.

आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

२३ फेब्रुवारी

ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, बाहेर कार्निव्हलचे ढोल वाजत असताना, आमचा खटला चालला.

मोठी थंड खोली. वर दोन न्यायाधीश आणि त्यांच्याबरोबर पंच म्हणून निवडलेली सहा साधी माणसं, खांद्यावरून हिरवा-पांढरा-लाल पट्टा घातलेली. त्यातली एक बाई हातमोजे काढून पुन्हा घालत होती. गास्पारे पिंजऱ्यात. मागच्या बाकावर बाबा, आई, मिमीकाका, अर्धं गाव.

एत्तोरे आधी बोलला. आमच्या वकिलांनी त्याला विचारलं, तुम्ही विवाहित आहात ना? बस. त्यापुढे त्याने रविवारचं, पत्त्यांचं जे सांगितलं ते कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. मग लोमोनाको व्हेनेराबद्दल बोलायला लागले. रात्रपाळीच्या नर्सेस. भाड्याची खोली. कोण कोण जिना चढायचं कुणास ठाऊक. ते मान पुसत होते आणि बोलत होते. रात्रपाळीचे पैसे ती आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पाठवायची. आई मागे बसून ऐकत होती.

मग माझं नाव पुकारलं.

मुख्य न्यायाधीश म्हातारे होते, आवाज मऊ. म्हणाले, "तुम्ही आरोपीच्या सख्ख्या बहीण आहात. कायद्याने तुम्हाला साक्ष न देण्याचा हक्क आहे. बोलला नाहीत तरी कुणी दोष देणार नाही. काय करता?"

मी तोंड उघडलं ते 'नाही बोलत' म्हणायलाच. ते शब्द आठवडाभर पाठ करत होते.

"मी मेलेलीचीही बहीण आहे," असं निघालं.

न्यायाधीश म्हणाले, "मग बोला."

मी सगळं सांगितलं. बस रोज चौकात उभी राहायची. नोव्हेंबरात तिने स्वतः घरी येऊन सांगितलं, लपवलं नाही. गास्पारे तिच्याकडे जेवायचा. संत जोसेफच्या दिवशी टेबलावर काय बोलणं झालं, कुणी कुणाला काय विचारलं. शनिवारी पिठाची पोती येत नाहीत.

"तुमच्या वडिलांनी भावाला जा म्हणून सांगितलेलं तुम्ही ऐकलं?"

"नाही. ते कधी बोलून सांगत नाहीत."

मागे वळून बघितलं नाही. लोमोनाको उठले, माझं वय विचारलं, लग्न झालं नाही ना, धाकटीला स्थळं येत होती आणि मला नाही, खरं ना. मी म्हटलं, खरं आहे.

मग न्यायाधीशांनी गास्पारेला उभं केलं. बहिणीने सांगितलं ते खरं का?

वकील हातांनी खुणा करत होते. गास्पारेने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"खरं आहे."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

त्याने दोन्ही हातांनी गज धरले. "बाबा म्हणाले, माझं वय झालं, मी आत मरेन. तुझं कोवळं वय आहे, लवकर सुटशील. उन्हाळ्यानंतर हे जमणार नाही."

"जिन्यावर तुमची बहीण काही म्हणाली?"

"हो."

"काय?"

"जेवलास का, म्हणाली."

पट्टा घातलेल्या त्या बाईने हातमोजे तोंडाशी धरले. आईचा आवाज मी ओळखला. रडण्याचा नव्हता. जड काहीतरी उचलताना निघतो तसा.

१२ मार्च

निकाल. इज्जतीचं कलम लागू नाही. कायदा जुना धरा की नवा, कळलं त्या क्षणी घडलेलं नाही, ठरवून घडलंय. कोवळं वय आणि कबुली धरून अठरा वर्षं. बाबांच्या नावाने वेगळी चौकशी. लोमोनाको अपील करणार म्हणतात.

गास्पारेला नेताना तो माझ्याजवळून गेला. रागात होता की नाही, मला कळलं नाही. मी त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवून बघते, आणि दर वेळी वेगळा दिसतो.

घरी आई दारात आडवी उभी होती.

"एक त्याने नेली," ती म्हणाली. "दुसरा तू."

माझे कपडे तिने चादरीत बांधून ठेवले होते.

११ एप्रिल

ईस्टर. आणि वर्ष झालं.

खाली शहरात एका म्हातारीकडे खोली घेतलीय. एका पावाच्या दुकानात काम मिळालं. इथे मला कुणी डॉन तानोची मुलगी म्हणून ओळखत नाही. पीठ तेच, हात तेच.

सगळीकडे घंटा वाजत होत्या. एत्तोरेबरोबर कबरीवर गेले. आम्ही दोघं फार बोललो नाही. परत येताना तो म्हणाला, "तुम्ही पस्तावता का?"

मी म्हटलं, रोज. दुसरं वाक्य म्हटलं असतं तरी रोजच.

८ जून

गेल्या आठवड्यात पोलीस बाबांना घेऊन गेले, असं गावाहून आलेल्या एकाने सांगितलं. भट्टीपाशी उभे होते. एप्रन काढला, घडी घातली, आईकडे दिला. मग छातीच्या दुखण्यामुळे परत घरी सोडलंय, खटला उभा राहीपर्यंत. जे टोपी काढायचे ते आता खालच्या गल्लीतून पाव घेतात. त्यांना बाबांनी केलं त्याचं काही वाटत नाही. कोर्टात उघडं पडलं, ते खुपतंय.

जेलात गेले होते. गास्पारेने भेटायला नकार दिला. पाव मात्र ठेवून घेतला, असं शिपाई म्हणाला.

२ सप्टेंबर

आज गास्पारे भेटला. निकालानंतर पहिल्यांदाच.

काचेपलीकडे बसला आणि नखं बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं तू मला वाचवशील."

"माहीत आहे."

"तीन वर्षांनी सुटलो असतो तर कुठे गेलो असतो, हा विचार मी आता करतो. घरी जाऊन जेवायला बसलो असतो. बाबा समोर." तो थांबला. "मला ते नको होतं. पण अठरासुद्धा नकोत, लिबो."

वेळ संपल्याची घंटा झाली. निघताना म्हणाला, पुढच्या वेळी ये.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सकाळपासून दफनभूमीत गर्दी, सगळीकडे शेवंतीची फुलं, पोरांच्या हातात साखरेच्या बाहुल्या.

मी व्हेनेराचा दगड पुसत होते. मागे सावली पडली म्हणून वळले. आई होती. गावाबाहेर ती कोर्टाखेरीज कधी आलेली नाही. एकटी बसने आली होती, काळी शाल, हातात मोठं बोचकं. मी उठून उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कबरीच्या कडेला बसली, दम खाल्ला, फोटोकडे बघितलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा ती मुलीला बघत होती.

मग बोलायला लागली. व्हेनेराशी.

"गुडघे गेले माझे, बाई. हा डोंगर उतरायला बसला एवढा वेळ लागतो होय? तू दर आठवड्याला कशी यायचीस?" असं सुरू केलं आणि गावातलं सगळं सांगितलं. कुणाचं लग्न ठरलं. न्हाव्याच्या सुनेला जुळं झालं. बदाम यंदा कमी आले. शेजारची म्हातारी गेली, शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती. मी तिथेच उभी होते, हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

"भट्टी बंद आहे. तुझा बाप दिवसभर तिच्यासमोर बसतो. मी त्याला जेवायला वाढते. त्याच्याशी बोलत नाही. तो विचारतो, मीठ कुठे आहे. मी मीठ आणून ठेवते." ती थांबली, शालीच्या टोकाने फोटोची काच पुसली, मी आत्ताच पुसली होती तरी. "तुझ्या भावाला मी अजून भेटायला गेले नाही. सोमवारी जाणार आहे. काय बोलू त्याच्याशी, ते तू सांग."

वारा होता. लोक शेजारच्या कबरींवर मेणबत्त्या विझल्या की परत लावत होते.

मग तिने बोचकं सोडलं. आत माझा तपकिरी लोकरी कोट होता, गेल्या मार्चमध्ये चादरीत बांधायचा राहिलेला. तिने तो उलगडला, झटकला, आणि दगडावर, फोटोच्या खाली ठेवला.

"तुझ्या बहिणीला सांग," ती म्हणाली, "समुद्राची थंडी वाईट असते. हा घालत जा म्हणावं. मी तिच्याशी बोलत नाहीये."

मी कोट उचलला आणि तिच्यासमोर अंगात घातला. बटणं लावली. आईने ती नीट लागली की नाही, तेवढं बघितलं.